बैठकीची मांडणी आणि लोकशाहीचा सराव

‘डावे’ आणि ‘उजवे’ हे राजकारणातील दोन शब्द कोठून आले, हे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात बहुधा पहिल्याच दिवशी सांगितले जाते. १७८९ च्या ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत व्हर्साय येथील राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा की नसावा, यावर वाद चालू असता राजसत्तेचे पक्षपाती अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि तिचे विरोधक डाव्या हाताला बसू लागले. आणि त्या बसण्यावरूनच पुढे जगभरच्या विचारप्रवाहांना नावे पडली. म्हणजे समाजवादी चळवळ ज्या परंपरेत स्वतःची गणना करते, त्या परंपरेचे नावच मुळी एका दालनातील बैठकव्यवस्थेवरून आलेले आहे. असे असूनही, बैठकीत कोणी कोठे बसावे, कोणाचे तोंड कोणाकडे असावे, भिंतीवर काय असावे आणि जमिनीवर काय मांडावे, या प्रश्नांचा विचार या चळवळीत अभावानेच झालेला आहे. ठरावाच्या मसुद्यातील एका विशेषणावर तीन तास वाद घालणारे कार्यकर्ते खुर्च्या मांडण्याचे काम मात्र मंडपवाल्यावर सोपवून मोकळे होतात.

तालुक्याच्या गावी किंवा एखाद्या मोठ्या खेड्यात भरणाऱ्या नेहमीच्या बैठकीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. समाजमंदिराच्या एका टोकाला चौथरा, त्यावर टेबल, टेबलावर चादर, मागे पाच-सात खुर्च्या. त्यांच्या पाठीमागे कापडी फलक. त्याची निम्मी जागा पाहुण्यांच्या नावांनी व्यापलेली. समोर सतरंज्या. पुढच्या ओळीत गावातील वजनदार मंडळी. त्यांच्या मागे तरुण. स्त्रिया दाराशी, निम्म्या आत आणि निम्म्या बाहेर. वस्तीवरची माणसे मागच्या भिंतीला टेकून किंवा बाहेरच्या कट्ट्यावर. स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, तीन भाषणे आणि अध्यक्षीय समारोप. मग घड्याळाकडे पाहत एक वाक्य : “कोणाला काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे.” शांतता. आभारप्रदर्शन. परतीच्या वाटेवर कार्यकर्ता सोबत्याला खेदाने सांगतो की, लोक बोलतच नाहीत; जागृतीच नाही.

वस्तुतः हीच माणसे पिठाच्या गिरणीत, पाण्याच्या टाकीपाशी, बसथांब्यावर तासन्‌तास बोलत असतात. आणि बोलतात ते बहुधा सार्वजनिक व्यवहाराविषयीच. रस्ता कोणाच्या दारापर्यंत आला आणि कोणाच्या दाराआधी थांबला, याचा तपशील त्यांना तोंडपाठ असतो. तेव्हा त्यांना बोलता येत नाही, हे खरे नाही. समाजमंदिरात पाऊल टाकताच तेथील मांडणी त्यांना सांगते की, येथे ऐकावयाचे आहे. ज्याची पाठ भिंतीला आणि तोंड साऱ्यांकडे, तो बोलणारा. ज्याला पुढच्या माणसाच्या मानेखेरीज काही दिसत नाही, तो ऐकणारा. दीड तास ही आज्ञा पाळल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत तिच्याविरुद्ध वागण्याचे धैर्य एखाद्यालाच होते. आणि तो एखादा बहुधा पुढच्या ओळीतलाच असतो.

कायद्याने दिले, दालनाने घेतले

हा प्रश्न शिष्टाचाराचा असता, तर त्यासाठी येथे जागा खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामसभा ही केवळ गावची जमवाजमव राहिलेली नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील आणि २००६ च्या वनाधिकार कायद्याने वनालगतच्या ग्रामसभांना नैसर्गिक संपत्तीविषयी खरेखुरे अधिकार दिले. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासूनच्या पाच वर्षांसाठी आपले पंचायत अनुदान थेट ग्रामपंचायतींकडे वळविले. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, असा दंडक आहे. हिशेब विचारण्याचे ठिकाण ग्रामसभा हेच आहे.

प्रत्यक्षात काय घडते? महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अशी माफक ठेवलेली आहे. तीही पुष्कळदा होत नाही. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधनच उरत नाही. जेथे माणसे जमतात, तेथे पंचायतीचा सचिव जमाखर्चाचे आकडे एका दमात वाचून दाखवितो, मध्येच कोणी तरी ‘मंजूर’ म्हणतो आणि नोंदवही सह्या-अंगठ्यांसाठी फिरू लागते. रोजावर जाणाऱ्या बाईने अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून या सभेला यावे, तर तिच्या पदरात काय पडते? न दिसणारे आकडे आणि न ऐकू येणारा ठराव. तिने पुढच्या वेळी न येणे हे अज्ञानाचे लक्षण नसून चोख आर्थिक शहाणपण आहे. सभेची उपस्थिती वाढवावयाची, तर सभेतून मिळणारे वाढविले पाहिजे. त्यासाठी सभा दिसेल, कळेल आणि बदलता येईल अशी मांडली पाहिजे.

सत्ताधाऱ्यांना मांडणीचे महत्त्व नेहमीच कळत आले आहे. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बफेकीत ब्रिटनच्या कॉमन्स सभेचे दालन उद्‌ध्वस्त झाले. ते पुन्हा कसे बांधावे, यावर ऐन महायुद्धात, १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये, सभागृहाने चर्चा केली. चर्चिल यांचा आग्रह असा की, दालन अर्धवर्तुळाकार नको, समोरासमोर बाकांचे लांबटच हवे. आणि सर्व सभासद एकाच वेळी मावतील इतके मोठेही नको. द्विपक्षीय राजकारण आणि संवादाच्या सुरातले वादविवाद टिकावेत, तर जागाही तशीच हवी, हे त्यांचे म्हणणे होते. चर्चिल यांचे राजकारण ज्यांना मान्य नाही, त्यांनीही त्यांच्याकडून एवढे शिकावयास हरकत नाही की, दालनाचा आकार हा राजकीय प्रश्न आहे.

महाराष्ट्राच्या खेड्याला हे सांगण्याची गरजच नव्हती. गावच्या चावडीत आणि पारावर कोणी ओट्यावर बसावे, कोणी पायरीवर आणि कोणी खाली उन्हात उभे राहावे, हे जातीने ठरविलेले होते. ओट्याची उंची हे जातिव्यवस्थेचे मोजमापच होते. आजचा चौथरा सिमेंटचा असतो आणि त्यावर बसणारे निवडून आलेले असतात, हा फरक लहान नव्हे. परंतु दाराशी बसणारी बाई आणि मागच्या भिंतीला टेकलेला मजूर यांच्या जागा कोणी नेमून दिल्या, असे विचारले, तर उत्तर ‘कोणीच नाही, ते आपले आपण तेथे बसले’ असे येते. जुन्या व्यवस्थेचा विजय तो हाच. नवी मांडणी हेतुपूर्वक केली नाही, तर जुनी मांडणी आपोआप होते.

दालन कसे असावे

यावर पहिला उपाय म्हणून वर्तुळ सुचविले जाते आणि ते योग्यच आहे. वर्तुळात पुढची ओळ नसते, पाठ कोणालाच दिसत नाही आणि बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची शंका दिसते. परंतु वर्तुळ म्हणजे जादूचे कडे नव्हे. वीस-पंचवीस माणसांच्या पलीकडे ते मोठे झाले की समोरच्याचा आवाज पोचत नाही आणि पुन्हा चार मोठ्या आवाजांचे राज्य सुरू होते. म्हणून मोठ्या सभेची लहान वर्तुळे करणे भाग आहे. केरळात १७ ऑगस्ट १९९६ रोजी सुरू झालेल्या लोकयोजना मोहिमेने हे जाणले होते. राज्याच्या योजना-खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांच्या हाती देण्याचा निर्णय झाल्यावर प्रश्न उभा राहिला की, शेकडो माणसांची ग्रामसभा योजना करणार कशी? तेव्हा प्रारंभीच्या एकत्र सभेनंतर शेती, पाणी, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचे प्रश्न अशा विषयवार गटांत लोकांना बसविण्याची पद्धत ठेवण्यात आली. प्रत्येक गटाला चर्चा चालविण्याचे शिक्षण घेतलेला साहाय्यक आणि समोर ठेवावयाच्या प्रश्नांची यादी देण्यात आली. गटांचे निष्कर्ष पुन्हा एकत्र सभेपुढे आले. त्या मोहिमेच्या यशापयशाविषयी मतभेद आहेत. पण ‘लोकसहभाग’ हा शब्द उच्चारून न थांबता लोक कोठे व किती जणांच्या गटात बसतील, याचाही विचार तिने केला, हे नाकारता येणार नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा अनुभव याच्या पुढचा आहे. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्काची मान्यता मिळविणाऱ्या या गावाने फार पूर्वीपासून दोन प्रकारच्या बैठका वेगळ्या ठेवल्या आहेत. अभ्यासगट हा समजून घेण्यासाठी. तेथे बाहेरचा जाणकारही बसू शकतो आणि निर्णयाची घाई नसते. ग्रामसभा ही ठरविण्यासाठी. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतो. माहिती, चर्चा आणि निर्णय ही तिन्ही कामे एकाच दुपारी, एकाच दालनात, एकाच चौथऱ्यावरून उरकण्याची जी सवय अन्यत्र आहे, तिच्यामुळे तिन्ही कामे बिघडतात. ज्याला विषय आधीपासून माहीत आहे, तोच अशा सभेत ठरवितो. आणि आधीपासून माहीत असणारा कोण असतो, हे सांगावयास नको.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. पण त्या साध्या आहेत म्हणूनच राहून जातात. बसावयाचे तर सर्वांनी एकाच पातळीवर बसावे. म्हाताऱ्यांसाठी व अपंगांसाठी खुर्च्या ठेवावयाच्या, तर त्या वर्तुळातच ठेवाव्यात. दार वर्तुळाच्या पाठीशी नसावे, म्हणजे उशिरा आलेली बाई दाराशीच अडकून राहणार नाही. लहान मुले आईजवळ खेळू शकतील एवढी जागा ठेवावी. मूल रडले म्हणून जिला उठून जावे लागते, तिचे मत त्या बैठकीत नोंदले जात नाही. उजेड बोलणाऱ्याच्या नव्हे, ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असावा. ध्वनिक्षेपक ठेवणे अटळ असेल, तर तो हातोहात फिरावा. कारण एकाच जागी रोवलेल्या ध्वनिक्षेपकापर्यंत चालत जाण्याचे दहा पावलांचे अंतर पुष्कळांना आयुष्यभर ओलांडता येत नाही.

आकड्यांचे चित्र

दालन असे मांडल्यावर वर्तुळाच्या मध्यभागी काय असावे, हा दुसरा प्रश्न. येथे व्हिएन्नाचे उदाहरण मार्गदर्शक आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरात सामाजिक लोकशाहीवाद्यांची नगरपालिका आली आणि १९३४ पर्यंतच्या काळात तिने सुमारे साठ हजार घरे बांधली. हा खर्च कशासाठी आणि कोणाकडून घेतलेल्या करातून होतो, बालमृत्यू कोणत्या वस्तीत अधिक आहेत, क्षयरोगाचा आणि कोंदट घरांचा संबंध काय, हे कामगारांना कळले पाहिजे, या हेतूने ओटो नॉयराथ या समाजवादी अर्थशास्त्रज्ञाने १९२५ साली तेथे समाज आणि अर्थव्यवहार यांचे एक संग्रहालय उभारले. त्यात दुर्मिळ वस्तू नव्हत्या. आकडे होते, चित्रांच्या रूपाने मांडलेले. त्याचा मुख्य नियम साधा पण मोठा शास्त्रशुद्ध होता. संख्या दुप्पट झाली म्हणून माणसाची आकृती दुप्पट मोठी काढावयाची नाही. तेवढ्याच आकाराच्या दोन आकृत्या काढावयाच्या. मोठी आकृती डोळ्यांना फसविते. आकृत्यांची ओळ कोणालाही मोजता येते. चित्रकार गेर्ड आर्न्ट्स यांनी आकृत्या घडविल्या; आणि मारी राइडेमाइस्टर, ज्या पुढे मारी नॉयराथ झाल्या, त्यांच्याकडे आकड्यांच्या ढिगातून लोकांच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निवडून त्याला चित्ररूप देण्याचे काम होते. १९३४ च्या फेब्रुवारीत व्हिएन्नातील समाजवाद्यांचा शस्त्रबळाने पाडाव झाल्यावर हे संग्रहालयही टिकले नाही आणि नॉयराथ यांना देश सोडावा लागला.

ही पद्धत ग्रामसभेत आणण्यास संग्रहालय लागत नाही. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न २० लाख रुपये आहे. वर्तुळाच्या मध्यभागी २० विटा मांडाव्यात. एक वीट म्हणजे एक लाख. त्यांतील ३ विटा मागासवर्गीयांसाठी आणि २ महिला व बालकल्याणासाठी, हे कायद्याचे मागणे आहे, ते आधी सर्वांना सांगावे. मग गेल्या वर्षीच्या खर्चाप्रमाणे विटा उचलून जमिनीवर आखलेल्या चौकोनांत ठेवाव्यात : रस्ता, दिवाबत्ती, पाणी, शाळा, कार्यालय, वस्ती. वस्तीच्या चौकोनात ३ ऐवजी एकच वीट पडलेली दिसली, तर तिच्यावर भाषण करावे लागत नाही. जिला अक्षर वाचता येत नाही, तीही विचारू शकते की, आमच्या दोन विटा कोठे गेल्या? आणि ती हा प्रश्न विचारते तेव्हा उत्तर देणाऱ्याला कागद चाळण्याच्या बहाण्याने तो टाळता येत नाही, कारण विटा सर्वांपुढे आहेत. वाचून दाखविलेला अर्थसंकल्प हवेत विरतो. मांडलेला अर्थसंकल्प उत्तर मिळेपर्यंत जागेवर राहतो.

मात्र चित्र म्हणजे सर्वांना आपोआप कळणारी भाषा, हा सुशिक्षितांचा एक गोड गैरसमज आहे. १९७६ साली नेपाळमध्ये युनिसेफच्या साहाय्याने खेड्यांतील लोकांना चित्रे दाखवून एक पाहणी करण्यात आली. चित्रातून काही निरोप घ्यावयाचा असतो, ही कल्पनाच अनेकांना अपरिचित होती. बाण, फुली यांसारख्या खुणांचा अर्थ लागत नव्हता. आणि दूरची वस्तू लहान काढण्याचा संकेतही पुष्कळांच्या ओळखीचा नव्हता. मारी नॉयराथ यांनाही १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियात काम करताना युरोपातील आकृत्या तशाच वापरता आल्या नाहीत. घर, पोशाख, माणूस ही सारी चित्रे तेथील जीवनातून नव्याने काढावी लागली. चित्र वाचणे हीदेखील एक साक्षरता आहे. म्हणून राजधानीत छापलेले गुळगुळीत तक्ते खेड्यात नेऊन टांगणे, म्हणजे कठीण पुस्तकाऐवजी कठीण चित्र देणे होय. वीट, ज्वारीचे दाणे, चिंचोके, रांगोळी ही साधने यासाठी श्रेष्ठ की ती हातात घेता येतात आणि चुकली तर सरकविता येतात.

दाखविलेले चित्र आणि काढलेले चित्र

यातूनच एक मूलभूत भेद पुढे येतो : लोकांना दाखविलेले चित्र आणि लोकांनी काढलेले चित्र. ब्राझीलच्या ईशान्य भागातील आंजिकोस या गावी १९६३ साली पावलो फ्रेरे यांनी सुमारे तीनशे निरक्षरांना चाळीस तासांच्या अभ्यासातून लिहा-वाचावयास शिकविण्याचा जो प्रयोग केला, त्यात अक्षरांच्या आधी चित्रे होती. तीही उपदेशपर नव्हेत. विहीर, शेत, शिकारी अशी रोजच्या जीवनातील. गोल बसलेल्या मंडळींना चालक एवढेच विचारी की, यात काय दिसते? हे कोणी केले? असे का आहे? चित्र हे उत्तर नव्हते, प्रश्न होता. त्या देशात निरक्षरांना तेव्हा मताधिकार नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे १९६४ च्या लष्करी उठावानंतर फ्रेरे यांना तुरुंग आणि हद्दपारी का पत्करावी लागली, हे कळते. महाराष्ट्रालाही ही रीत परकी नाही. गाडगेमहाराजांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांना विचारलेल्या प्रश्नांची मालिकाच असे. उत्तर हजारोंच्या मुखातून वदवून घेतल्याखेरीज ते पुढे जात नसत.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतात, विशेषतः गुजरात आणि कर्नाटकात, गावकऱ्यांनी स्वतःच गावाचा नकाशा जमिनीवर काढण्याची पद्धत रुजली. काठी कार्यकर्त्याच्या हातून गावकऱ्याच्या हाती गेली पाहिजे, हे तिचे सूत्र. कागदावर एकाच्याच हाती लेखणी असते. जमिनीवरच्या नकाशात दहा हात एकाच वेळी फिरतात आणि कोणी चुकीची विहीर दाखविली, तर दुसरा ती पुसतो. पण या पद्धतीचे दोषही याच देशात दिसून आले. पश्चिम भारतातील भिल्लांच्या प्रदेशातील एका शेतीविकास प्रकल्पाविषयी मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मॉस यांनी १९९४ साली दाखवून दिले की, गावच्या चौकात, पाहुण्यांसमोर, भर दिवसा काढलेल्या अशा नकाशांतून स्त्रिया जवळजवळ गायब होत्या आणि वजनदारांचे मत तेच ‘गावचे मत’ म्हणून नोंदले जात होते. चौक ही जागाच पुरुषांची होती. म्हणजे साधन कितीही लोकाभिमुख असले, तरी ते कोठे, केव्हा आणि कोणासमोर वापरले, यावर त्याचा परिणाम ठरतो. म्हणूनच महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची जी तरतूद आहे, ती कागदावर उरकू नये. त्या सभेत मांडलेल्या विटांची मांडणी दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत जशीच्या तशी ठेवावी, म्हणजे दोन मांडण्यांतील अंतर साऱ्या गावाला दिसेल.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की, ही सारी परदेशी पैशांवर चालणाऱ्या संस्थांची तंत्रे आहेत. रंगीत कागद, गटचर्चा आणि टाळ्या यांतून वर्गसंघर्ष बोथट होतो. या आक्षेपात तथ्य आहे. हितसंबंधांचा झगडा टाळून केवळ ‘सहभागा’चा उत्सव करणाऱ्या कार्यशाळा पुष्कळ झाल्या. पण उपाय साधन टाकून देण्यात नाही, ते झगड्याच्या कामी आणण्यात आहे. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई भरविली. तेथे सार्वजनिक कामांची हजेरीपत्रके आणि बिले उघड्यावर, ज्यांची नावे त्यांत होती त्यांच्यासमोर, वाचली गेली. आणि हजेरी पटावर असलेल्या माणसांनीच उभे राहून सांगितले की, या कामावर आम्ही कधी गेलोच नव्हतो. कार्यालयाच्या कपाटातील कागद गावाच्या मध्यभागी आणणे, एवढाच त्या सभेचा मांडणीतील बदल होता. त्यातून वाढलेल्या आंदोलनाची परिणती पुढे २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात झाली. ही मांडणी संघर्ष बोथट करणारी होती, असे कोण म्हणेल?

दुसरा आक्षेप : व्यासपीठावाचून चळवळ होत नाही. हेही मान्य. दहा हजारांच्या सभेत वक्ता उंचावरच हवा. निर्धार व्यक्त करण्यासाठी आणि सामर्थ्य दाखविण्यासाठी जाहीर सभा हवीच. प्रश्न एवढाच की, चाळीस माणसांच्या बैठकीला दहा हजारांच्या सभेचा पोशाख का घालावा?

तिसरा आक्षेप आधुनिकांचा. त्यांना वाटते की, प्रोजेक्टर आणि पडदा आला म्हणजे दृश्य साधनांचा प्रश्न सुटला. वस्तुतः प्रोजेक्टर लावला की दालनात अंधार करावा लागतो, सर्वांची तोंडे पुन्हा एकाच भिंतीकडे वळतात आणि कळ एकाच्याच बोटाखाली राहते. पुढचे चित्र केव्हा यावे, हे तोच ठरवितो. मागच्या चित्रावर शंका असणाऱ्याला ‘जरा मागे जा’ म्हणण्याचा संकोच वाटतो. व्यासपीठावरचा वक्ता निदान सर्वांना दिसत तरी असे. दुसरे नवे संकट म्हणजे भ्रमणध्वनीवरचे छायाचित्र. बैठक झाल्याचा पुरावा म्हणून ते वरिष्ठांना आणि गटागटांना पाठवावयाचे असते. त्यात फलक आला पाहिजे, पाहुणे आले पाहिजेत आणि गर्दी दिसली पाहिजे. परिणामी बैठक जमलेल्यांसाठी न मांडता छायाचित्रासाठी मांडली जाऊ लागली आहे. वर्तुळाचे छायाचित्र चांगले येत नाही, कारण त्यात निम्म्या लोकांच्या पाठी दिसतात. हे वर्तुळाच्या विरुद्धचे कारण होऊ शकत नाही.

सुरुवात घरातून

ग्रामसभेची मांडणी बदलावी, असे पंचायतीला सांगण्यापूर्वी समाजवादी कार्यकर्त्यांनी आपल्या शाखांकडे पाहावयास हवे. समतेवरचे भाषण चौथऱ्यावरून ऐकताना श्रोता दोन गोष्टी एकाच वेळी शिकत असतो : शब्दांतून समता आणि मांडणीतून विषमता. शब्द घरी पोचेपर्यंत विसरले जातात; कोणापुढे कोठे बसावयाचे, हे शरीराच्या लक्षात राहते. लोकशाही ही केवळ पाच वर्षांनी दाबावयाची कळ नसून रोजच्या सरावाची गोष्ट आहे, असे जे प्रतिपादन केले जाते, त्या सरावाचे ठिकाण शाखेची बैठक हेच आहे.

त्यासाठी निधी जमवावा लागत नाही, ठराव करावा लागत नाही, वरून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या बैठकीला टेबल बाहेर काढून ठेवावे. सतरंज्या गोल अंथराव्यात. शाखेचा वर्षाचा हिशेब चिंचोक्यांनी मध्यभागी मांडावा आणि तो मांडण्याचे काम खजिनदाराने न करता सर्वांत नव्या सभासदाने करावे. अध्यक्षांनी वर्तुळात कोठेही बसावे आणि शेवटी बोलावे. दाराशी कोण बसले आहे, हे पाहून पहिला प्रश्न तेथून यावा. बैठक संपल्यावर कोण किती वेळा बोलले, याची नोंद इतिवृत्तात घ्यावी आणि पुढच्या बैठकीत ती प्रथम वाचावी. चार महिन्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की त्या शाखेत समता किती आहे, हे बाहेरच्या कोणी सांगावे लागणार नाही.